चार ओळींचा निवाडा : एक प्रस्तावना

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस निघाला. म्हणजे मराठीतील पहिले वृत्तपत्र जन्मास येण्यापूर्वीच या समुद्रकाठच्या गावात पुस्तके एकत्र ठेवून वाचण्याची सोय झालेली होती, आणि ते वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्रीही याच कोकणपट्टीतले, पुढे रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या व आता सिंधुदुर्गात गेलेल्या पोंभुर्ल्याचे. त्या काळी मराठीत छापील ग्रंथ थोडके असल्यामुळे कोणते पुस्तक घ्यावे आणि कोणते सोडावे ही विवंचना वाचकास फारशी नव्हती. जे हाती येईल ते वाचावे, एवढेच त्याच्या स्वाधीन होते. आज ती स्थिती पार पालटली आहे. पुस्तके उदंड निघतात, त्यांच्या जाहिराती त्याहून उदंड निघतात, आणि वाचकाचा वेळ व पैसा मात्र पूर्वीइतकाच मर्यादित राहिला आहे. ज्याला आपण लघुपरीक्षण म्हणतो, त्या लेखनप्रकाराची खरी गरज या विषमतेतून उत्पन्न होते.

प्रस्तुत संग्रहात आमच्या जिल्ह्यातील काही व्यासंगी वाचकांनी नव्या कथा-कादंबऱ्यांवर, तसेच चरित्र, इतिहास, प्रवास, विज्ञान इत्यादी विषयांच्या ग्रंथांवर लिहिलेली लहान लहान परीक्षणे एकत्र केली आहेत. एकेका परीक्षणास दोनशे-अडीचशे शब्दांहून अधिक जागा त्यांनी घेतलेली नाही. त्या परीक्षणांतील मतांची वकिली करणे हे प्रस्तावनाकाराचे काम नव्हे, आणि ती मते मला सर्वस्वी मान्य आहेत असेही नाही. परंतु हा जो प्रकार त्यांनी हाताळला आहे त्याचे प्रयोजन काय, परंपरा कोणती आणि जबाबदारी केवढी, याचा विचार या निमित्ताने करणे मला अगत्याचे वाटते.

हे लेखन कोणासाठी, हा पहिला प्रश्न आहे. पुण्यामुंबईच्या वाचकास पुस्तकाच्या दुकानात जाऊन नवे पुस्तक हाताळता येते, चार पाने उभ्या उभ्या वाचता येतात, अनुक्रमणिका पाहता येते आणि मग खिशात हात घालता येतो. कोकणातील वाचकाची गोष्ट निराळी होती, आणि पुष्कळ अंशी ती अजूनही निराळीच आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. त्यापूर्वी आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून येणारी मोटार, आणि त्याही आधी मुंबईची आगबोट, हीच बाहेरच्या जगाशी दळणवळणाची साधने होती. पावसाळा लागला की आगबोटी बंद पडत, आणि राजापूर-लांज्याकडच्या एखाद्या शाळामास्तराने मासिकातील अभिप्राय वाचून व्ही. पी. ने मागविलेले पुस्तक पोस्टात येऊन पडले म्हणजे ते न पाहताच दाम मोजून सोडवून घ्यावे लागे. बांधलेले पुडके उघडण्यापूर्वी पैसे द्यावयाचे, ही त्या व्यवहाराची अटच होती. अशा माणसाच्या दृष्टीने मासिकातील त्या दहा-पंधरा ओळी म्हणजे वाङ्मयविलास नव्हता. त्याच्या तुटपुंज्या पगारातून जाणाऱ्या रुपयाची ती एकमेव खातरजमा होती. लघुपरीक्षणकाराने ज्याला डोळ्यांपुढे ठेवावयाचे तो वाचक हा. ग्रंथकार नव्हे, प्रकाशक नव्हे, आणि समीक्षकांची सभा तर नव्हेच नव्हे.

या प्रकाराची परंपरा पाहू गेल्यास ती दोन उगमांपासून निघालेली दिसते, आणि गमतीचा योग असा की दोन्ही उगम एकाच वर्षातले आहेत. १८६७ साली सरकारने छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. त्या कायद्यान्वये प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत, आणि पुस्तकाचे नाव, भाषा, ग्रंथकर्ता, विषय, छापण्याचे ठिकाण, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाप्रेस की टाइप, किंमत आणि मालकी हक्क कोणाचा, असा सगळा तपशील नोंदवून त्याची त्रैमासिक फेरिस्त सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. या फेरिस्तेत शेऱ्याचाही एक रकाना असे, आणि पुस्तकात काय आहे हे त्या रकान्यात एका-दोन ओळींत नमूद केलेले असे. राज्यकर्त्यांचा हेतू वाङ्मयसेवेचा नव्हता, देखरेखीचा होता, हे उघडच आहे. तरी न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयी १८९८ साली जे प्रसिद्ध टिपण लिहिले ते अशाच नोंदींच्या आधारावर. सरकारी कारकुनाच्या रूक्ष लेखणीतून उतरलेल्या त्या ओळी एका पिढीच्या बौद्धिक जीवनाचा दस्तऐवज ठरल्या.

दुसरा उगम 'विविधज्ञानविस्तार' मासिकाचा. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ते १८६७ सालीच सुरू केले आणि पुढे सत्तर वर्षे, १९३७ पर्यंत, ते चालले. नव्या पुस्तकांचे परीक्षण हे आपले नित्यकर्तव्य होय, असे मानणारे मासिक मराठीत रूढ झाले ते याच्यापासून. 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले होते, 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली होती. कादंबरी हा प्रकार मराठीस नवा होता आणि तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे वाचकांस कोणी सांगितलेले नव्हते. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नाटक-कादंबऱ्यांवरील निबंध १८७२ साली पुढे आला, त्यामागे हीच निकड होती.

या परंपरेचा एक धागा खुद्द रत्नागिरीत येऊन पोहोचतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ च्या जानेवारीत 'निबंधमाला' सुरू केली त्या वेळी ते सरकारी शाळाखात्यात नोकर होते. पुढे त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली, आणि १८७९ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला तो या गावच्या नोकरीचा. माला त्या काळातही चालूच होती. शास्त्रीबोवांनी मराठी वाचकास एक गोष्ट कायमची शिकविली. छापलेला प्रत्येक शब्द पूज्य नसतो, तो तपासावयाचा असतो, आणि तपासणाराने आपले मत चारचौघांत उघडपणे मांडावयाचे असते. त्यांची पद्धत मात्र प्रदीर्घ होती. मोरोपंतांच्या कवितेवर त्यांनी अंकामागून अंक लिहिले. लोकहितवादींवर शस्त्र उपसले तेव्हाही पानांची कसर केली नाही. त्या तेजस्वी लेखणीचा एक दुष्परिणाम मराठी टीकेवर झाला, तो असा की परीक्षण म्हटले म्हणजे ते लांब, आवेशयुक्त आणि शक्य तर जीवघेणे असावयास हवे, असा समज दृढावला. आणि जे लांब नाही ते परीक्षणच नव्हे, नुसती पोच, अशी त्याची दुसरी बाजूही आपोआप प्रचारात आली.

मराठी नियतकालिकांतील 'साभार पोच' हा स्तंभ ज्यांनी पाहिला आहे त्यांस मी काय म्हणतो ते ध्यानी येईल. 'अभिप्रायार्थ दोन प्रती पाठवाव्यात' अशी सूचना आतल्या पानावर असावयाची, प्रती येत राहावयाच्या, आणि संपादकाने पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पृष्ठे आणि किंमत छापून मोकळे व्हावयाचे. क्वचित त्यापुढे एक वाक्य जोडले जाई, आणि ते वाक्य शंभर पुस्तकांस सारखेच लागू पडे. भाषा ओघवती आहे, मुखपृष्ठ आकर्षक आहे, छपाई सुबक आहे, पुस्तक संग्राह्य आहे, आणि शुद्धलेखनाच्या काही चुका राहून गेल्या असल्या तरी पुढील आवृत्तीत त्या दूर होतील अशी आशा आहे. ज्या पुस्तकाची पुढील आवृत्ती निघण्याचा संभव नाही त्यालाही हा आशीर्वाद मिळे. असल्या ओळींनी लेखकाचे समाधान होते, संपादकाची बारनिशी पुरी होते, आणि वाचकाच्या पदरी मात्र काहीच पडत नाही.

पोच आणि प्रबंध या दोहोंच्या मधली जी जागा, ती लघुपरीक्षणाची. तिचे स्वरूप सांगावयाचे तर जुन्या मामलेदार कचेरीतील शिरस्तेदाराचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. अर्जदाराचा अर्ज चांगला चार पानी असावयाचा. त्यात खरे, खोटे, अलंकारिक आणि असंबद्ध असे सर्व काही असावयाचे. मुरब्बी शिरस्तेदार तो साद्यंत वाची, दफ्तर काढून मागील कागद पाही, आणि समासात तीन ओळींचा शेरा लिही. त्या शेऱ्यात मागणी काय, तिला आधार कोणता आणि उणीव कोठे, हे तिन्ही आलेले असे, आणि तरीही हुकूम करण्याचा अधिकार साहेबाकडेच राही. शेरा आखूड असे तो त्याने कमी वाचले म्हणून नव्हे. सगळे वाचून अनावश्यक ते वगळले म्हणून. लघुपरीक्षणात साहेब म्हणजे वाचक. पुस्तक घ्यावे की नाही, याचा हुकूम त्याचा. परीक्षणकाराने कागद रुजू करून शेरा लिहावयाचा.

हे तत्त्व सांगण्यास सोपे, पण प्रत्यक्षात ते किती अवघड आहे याचा अनुभव कथात्म वाङ्मयाच्या बाबतीत प्रथम येतो. आमच्याच मुलखातले उदाहरण घेतो. दापोली तालुक्यातील मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. समजा, ती आज नव्याने हातात आली आहे आणि तिच्यावर दोनशे शब्द लिहावयाचे आहेत. आळशी परीक्षक कथानक सांगू लागेल : विठोबाचा मुलगा बापू, चहाच्या दुकानातली राधा, गावावर वचक असलेला अण्णा खोत, त्यांचा संघर्ष, आणि मग शेवट. दोनशे शब्द तेथेच संपतील, आणि वाचकाचे कुतूहलही. दुसरा परीक्षक प्रादेशिक कादंबरी या विषयावर उपन्यास झोडील आणि हार्डीचे नाव घेईल. जाणता परीक्षक असे काही करणार नाही. तो एवढेच सांगेल की, ज्या गावात खोताच्या शब्दाबाहेर पान हलत नाही त्या गावात समाजाने ओवाळून टाकलेला एक पोरगा कोणाच्या मेहरबानीशिवाय उभा राहतो, ही या कादंबरीची कैफियत आहे. निसर्ग येथे देखाव्यासाठी आलेला नसून माणसांच्या स्वभावात मुरलेला आहे. संवादांतली बोली दापोलीकडची आहे आणि घाटावरच्या वाचकास पहिली काही पाने सावकाश वाचावी लागतील. आणि बापूवर लेखकाचा जीव इतका जडला आहे की त्याच्या विरोधकांस क्वचित पुरता न्याय मिळत नाही. यात विषय आला, रीत आली, अडचण आली आणि दोषही आला. शेवट मात्र वाचकासाठी शाबूत राहिला. शेवटच्या मुद्द्याशी कोणी असहमत होईल, तर खुशाल व्हावे. असहमत होण्याजोगे काही सांगितले, हीच परीक्षण असल्याची खूण.

कथेतर ग्रंथांची कसोटी वेगळी. तेथे परीक्षकाचे पहिले काम रसग्रहणाचे नाही, रुजुवातीचे आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाला, १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा त्याने प्रत्यक्ष पाहिला. ते पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, पण मूळ लेखनात आपल्याकडून फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी संपादून १९६६ साली पुढे आणली. आता या ग्रंथाच्या कोणत्याही नव्या मुद्रणावर लिहिताना, छापलेली संहिता वैद्यांची की पोतदारांची, हे ज्या परीक्षणात सांगितलेले नाही ते भाषेने कितीही नटलेले असले तरी व्यर्थ आहे. कारण इतिहासाच्या अभ्यासकाची सारी भिस्त त्या एका वाक्यावर आहे. तीच गोष्ट चरित्रांची. रत्नागिरीत जन्मलेल्या धनंजय कीरांनी सावरकरांचे आणि डॉ. आंबेडकरांचे चरित्र लिहिले. असे चरित्र पुढ्यात आले म्हणजे साधने कोणती वापरली, चरित्रनायकाची प्रत्यक्ष जबानी घेतली काय, अखेरीस सूची दिली आहे की नाही, हे परीक्षकाने आधी पाहावे आणि नायक थोर होता हे मागाहून सांगावे. नायकाचे थोरपण वाचकास बहुधा ठाऊक असते. पुस्तकाला सूची नाही, हे ठाऊक नसते.

येथवर आलेल्या अडचणी अभ्यासाने दूर होणाऱ्या आहेत. जी अभ्यासाने दूर होत नाही, ती अडचण भिडेची. आमचा प्रदेश चिंचोळा, गावे लहान, आणि लिहिणारी माणसे एकमेकांच्या ओळखीची, पुष्कळदा नात्याचीही. ज्याच्या कथासंग्रहावर लिहावयाचे तो सकाळी बाजारात भेटतो, संध्याकाळी व्याख्यानाला शेजारच्या खुर्चीवर बसतो, आणि त्याची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात असते. अशा स्थितीत निर्भीडपणाचे उपदेश करणे सोपे आहे. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण सर्वांना तोंडपाठ असते, पण समोर माणूस आला की जीभ अडखळते. याच जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीतील आरवलीचे जयवंत दळवी यांनी 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' हे नाव धारण करून साहित्यिकांच्या परस्परस्तुतीची वर्षानुवर्षे जी यथेच्छ चेष्टा केली ती मराठी वाचकाने मिटक्या मारीत वाचली, कारण तिच्यातले सत्य त्याला आतून पटत होते. परंतु टोपणनावाआडून विनोद करता येतो, निवाडा देता येत नाही. निवाड्याखाली सही लागते. या संग्रहातील प्रत्येक परीक्षणाखाली लिहिणाराचे पूर्ण नाव आहे, आणि आप्ताच्या वा स्नेह्याच्या पुस्तकावर कोणी लिहावयाचे नाही असा दंडक मंडळींनी पाळला आहे. माझ्या मते या संग्रहाची योग्यता यातच अर्धीअधिक आली.

भिडेच्या उलट टोकाला दुसराही एक दोष असतो. चार ओळींत पुस्तक उडवून लावणे हे चार ओळींत त्याची स्तुती करण्याइतकेच सोपे आहे, आणि तरुण लेखणीला त्याचा मोह विशेष. ज्याने तीन वर्षे खपून कादंबरी लिहिली त्याला एका चुरचुरीत वाक्याने निकालात काढणे यात शौर्य नाही. दोष सांगावयाचा तर त्याला दाखला पाहिजे. आणि दाखला देण्यास जागा नसेल तर तो दोष सांगू नये, हे पथ्य दोनशे शब्दांच्या परीक्षणाने पाळलेच पाहिजे. दीर्घ समीक्षेत चुकलेले विधान पुढच्या पानावर सावरता येते. लघुपरीक्षणाला पुढचे पान नसते.

आणखी एका दृष्टीने या लहान टिपणांचे मोल आहे, आणि ते आज चटकन ध्यानात येत नाही. पुस्तके नाहीशी होतात. चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमधील पुराचे पाणी शिरून ग्रंथांची किती नासाडी झाली, हे आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. दमट हवा, वाळवी आणि रद्दीचा व्यवहार यांच्या तडाख्यातून जी पुस्तके सुटत नाहीत, त्यांचे अस्तित्व पुष्कळदा एखाद्या सूचीतील नोंदीवरून किंवा जुन्या मासिकातील दहा ओळींवरूनच कळते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांची 'मराठी ग्रंथसूची' एकहाती सिद्ध करून जे उपकार करून ठेवले, त्यांचा प्रत्यय अशा वेळी येतो. परंतु सूची पुस्तक होते एवढे सांगते. ते कसे होते आणि समकालीन वाचकाला कसे वाटले, हे परीक्षणच सांगू शकते. म्हणूनच पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठे आणि किंमत ही मस्तकावरील ओळ कंटाळवाणी समजून गाळू नये. या मंडळींनी ती कोठेही गाळलेली नाही.

वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून पुस्तकांची जागा आक्रसत चालली आहे, आणि १९६२ साली केवळ ग्रंथपरीक्षणासाठी निघालेल्या 'आलोचना' मासिकासारखी उमेद आज कोणी बाळगील असे दिसत नाही. दुसरीकडे लेखकच आपल्या पुस्तकाची शिफारस स्वतः चहूकडे पाठवू लागले आहेत आणि मलपृष्ठावरचा मजकूरच परीक्षण म्हणून खपू लागला आहे. अशा काळात राजधानीपासून दूरच्या एका जिल्ह्यातील वाचकांनी, कोणाच्या आज्ञेवाचून आणि कोणत्याही मोबदल्यावाचून, विकत घेतलेली किंवा वाचनालयातून आणलेली पुस्तके वाचून त्यांचा साधार निवाडा द्यावा, ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो.

संग्रहात उणिवा आहेत. कवितेला आणि बालवाङ्मयाला त्यात स्थान नाही. दलित व ग्रामीण आत्मकथनांस मिळालेली जागा मला अपुरी वाटते. आणि भाषांतरित पुस्तकांच्या परीक्षणांत मुळाशी ताडून पाहण्याचे श्रम सर्वांनी सारखे घेतलेले नाहीत. पुढील खंडात या गोष्टींकडे लक्ष पुरवावे, अशी संपादकांस माझी सूचना आहे. वाचकांस विनंती एवढीच की, त्यांनी हे पुस्तक अनुक्रमाने वाचून बाजूला ठेवू नये. आपण स्वतः वाचलेल्या एखाद्या पुस्तकाचे परीक्षण यात आधी शोधावे, आपल्या मताशी ताडून पाहावे, आणि परीक्षक विश्वासार्ह वाटला तरच त्याच्या शिफारशीवरून न वाचलेले पुस्तक मागवावे. मत जुळले नाही तर तसे परीक्षकास लेखी कळवावे. निवाड्यावर अपील करण्याचा अधिकार वाचकाचा आहे आणि तो त्याने बजावलाच पाहिजे.